तारा फुलीवर, पण आयपीसमध्ये काळोख: दुर्बिणीचा फाइंडर कसा जुळवायचा

नवी दुर्बीण घेतली की पहिल्याच रात्री हमखास येणारी तक्रार म्हणजे "काहीच दिसत नाही". चंद्र समोर ढळढळीत दिसतोय, नळी त्याच्याकडेच रोखलेली आहे आणि आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) मात्र काळोख. अशा वेळी दुर्बिणीत खोट असण्याची शक्यता फार कमी. बहुतेकदा फाइंडर, म्हणजे मुख्य नळीवर बसवलेली, मध्यावर फुली असलेली छोटी दुर्बीण, जुळवलेला नसतो. हे काम दिवसाउजेडी अर्ध्या तासात होतं. पण त्यातला क्रम चुकला, तर रात्रभर स्क्रू पिळत बसावं लागतं आणि तरीही तारा हाती लागत नाही.

आधी आकडे पाहू, म्हणजे फाइंडरवाचून का अडतं ते कळेल. हौशी मंडळींत भरपूर वापरली जाणारी ८ इंची, १२०० मिमी फोकल लांबीची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण) घेऊ. तिला २५ मिमीची प्लॉसल (आयपीसचा एक नेहमीचा प्रकार) आयपीस लावली की वर्धन ४८ पट होतं (१२०० भागिले २५). प्लॉसलचं स्वतःचं दृश्यक्षेत्र साधारण ५२ अंशांचं असतं. त्याला ४८ ने भागलं की आकाशाचा जेमतेम १.१ अंशाचा तुकडा उरतो. १० मिमीची आयपीस लावली तर वर्धन १२० पट आणि तुकडा ०.४३ अंशाचा, म्हणजे २६ कलांचा (६० कला म्हणजे १ अंश). चंद्रबिंब साधारण ३१ कलांचं असतं, त्यामुळे तेही त्यात पुरतं मावत नाही. उलट ६×३० च्या (६ पट वर्धन, ३० मिमीचं भिंग) फाइंडरमध्ये एका वेळी सुमारे ७ अंश आकाश दिसतं. क्षेत्रफळाच्या हिशेबात ते २५ मिमीच्या आयपीसच्या चाळीस पट भरतं. फाइंडरमध्ये शोधायचं, फुलीवर आणायचं आणि मग आयपीसला डोळा लावायचा, हा क्रम या चाळीस पटींमुळे आहे.

दोन समांतर रेषा

फाइंडर जुळवायचा म्हणजे फुलीच्या मध्यातून जाणारी रेषा आणि मुख्य दुर्बिणीच्या दृश्यक्षेत्राच्या मध्यातून जाणारी रेषा एकमेकींना समांतर करायच्या. समांतर, म्हणजे समोर कुठेही एकमेकींना छेदणाऱ्या नकोत. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

८ इंची नळीवर फाइंडरचा मध्य मुख्य नळीच्या मध्यापासून सुमारे २० सेंटिमीटर दूर असतो. समोरच्या इमारतीवरची ३० मीटरवरची डिश दोन्हींत मध्यावर आणली, तर दोन्ही रेषा त्या डिशवर एकमेकींना छेदतात. त्यांच्यात २३ कलांचा कोन राहतो. १० मिमीच्या आयपीसमध्ये मध्यापासून कडेपर्यंत १३ कलाच असतात, म्हणजे रात्री तारा बरोबर फुलीवर असूनही आयपीसच्या बाहेर असतो. "दुपारी अगदी नीट जुळलं होतं, रात्री बिघडलं" असं जे ऐकू येतं, त्याचं कारण हेच. १०० मीटरवरच्या खुणेला चूक ७ कलांवर येते, तर १ किलोमीटरवरच्या खुणेला एका कलेच्याही आत. तेवढी कुणाला जाणवत नाही.

जवळच्या खुणेची आणखी एक अडचण आहे. ३० मीटरवरची वस्तू १२०० मिमीच्या दुर्बिणीत स्पष्ट व्हायला आयपीस ताऱ्याच्या फोकसपेक्षा ५ सेंटिमीटर बाहेर यावी लागते. बऱ्याच फोकसरना तेवढी वाव नसतेच. मग माणसाला वाटतं दुर्बीणच बिघडली. १ किलोमीटरवर हा फरक दीड मिलिमीटरच्याही आत असतो, त्यामुळे दिवसा लावलेला फोकस रात्रीही जवळपास कामी येतो.

एक खुलासा. गो-टू (मोटरने स्वतः तारा शोधणाऱ्या) दुर्बिणीला दोन-तीन तारे दाखवून करायचं अलाइनमेंट, विषुववृत्तीय माउंटचा (दुर्बिणीच्या बैठकीचा एक प्रकार) अक्ष ध्रुवाकडे रोखणं आणि न्यूटोनियनचे, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीचे, आरसे जुळवणं (कॉलिमेशन) ही तीनही कामं वेगळी आहेत. पण फाइंडर जुळलेला नसेल तर पहिलं नीट होत नाही. आणि तिसरं फाइंडरच्या आधी उरकायला लागतं.

फाइंडरला हात लावण्यापूर्वी

कॉलिमेशन आधी करायचं, कारण मुख्य आरशाचे स्क्रू फिरवले की दुर्बीण जिकडे बघते ती दिशाच थोडी सरकते. आधी फाइंडर जुळवून नंतर आरसा जुळवला, तर केलेलं सगळं वाया जातं.

विषुववृत्तीय माउंट असेल तर नळीचा तोल आधी साधा. तोल नसलेली नळी क्लॅम्प आवळल्यावरही हळूहळू घसरते आणि दोष फाइंडरला जातो. डॉब्सोनियनमध्ये उंचीच्या अक्षाचं घर्षण इतपत हवं, की फाइंडरच्या स्क्रूला बोट लागलं तरी नळी हलता कामा नये. डायगोनल (आयपीसआधीचा, दृश्य ९० अंशांत वळवणारा आरसा) वापरत असाल तर एक चाचणी आवर्जून करा. दूरची खूण मध्यावर ठेवून डायगोनल नळीभोवती फिरवा. खूण मध्यावरून सुटून गोल फिरायला लागली, तर डायगोनलचा आरसा तिरका आहे. मग निरीक्षणाच्या वेळी डायगोनल जसा धरता त्याच स्थितीत ठेवून फाइंडर जुळवा, आणि नंतर त्याच स्थितीत वापरा.

आता फाइंडर. त्यात दोन गोष्टी स्पष्ट दिसायला हव्यात: फुली आणि तारा. फुली अंधुक असेल तर फाइंडरची मागची, डोळ्याजवळची बाजू फिरवून ती आधी तीक्ष्ण करा. काही स्वस्त फाइंडरमध्ये ही सोय नसते. मग दूरच्या खुणेकडे पाहून पुढच्या भिंगाचा फोकस लावा. ५० मिमीच्या बहुतेक फाइंडरमध्ये पुढच्या भिंगाच्या कडीमागे आणखी एक पातळ कडी असते. ती थोडी सैल करायची, भिंगाची कडी आत-बाहेर फिरवून खूण स्पष्ट करायची आणि पातळ कडी परत घट्ट करायची. ही पातळ कडी सैल राहिली तर भिंग डगडगतं आणि रोज नव्याने जुळवत बसावं लागतं.

फोकस बरोबर लागलाय का, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. डोळा किंचित डावी-उजवीकडे हलवा. फुली आणि मागचं दृश्य एकमेकांच्या तुलनेत सरकत असतील, तर फोकस अजून चुकलेला आहे. अशा फाइंडरमध्ये डोळा जिथे ठेवाल तिथे फुली वेगळी दिसते, त्यामुळे कितीही काळजीने जुळवला तरी उपयोग होत नाही.

दिवसा: खूण कोणती घ्यावी

सूर्याबद्दलची सूचना आधी. सूर्य पाठीशी असेल अशीच खूण निवडा आणि नळी फिरवताना ती सूर्यावरून जाऊ देऊ नका. फाइंडरही दुर्बीणच आहे. ५० मिमीच्या भिंगातून आलेलं ऊन क्षणात डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकतं. आसपास मुलं असतील तर फाइंडरची दोन्ही झाकणं लावूनच दुर्बीण उभी करा. सौर फिल्टर लावून सूर्य पाहायचा असेल त्या दिवशी फाइंडर काढूनच ठेवावा. मुख्य नळीवरच्या फिल्टरचा फाइंडरला काहीच उपयोग नसतो, आणि हे लोक हमखास विसरतात.

सगळ्यांत सुरक्षित वेळ सूर्य मावळल्यानंतरच्या संधिप्रकाशाची. या वेळी उत्तम खूण म्हणजे मोबाइल टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा: लांब, उंच, बारीक आणि रात्रीही दिसणारा. त्याखेरीज विजेच्या मनोऱ्याचं टोक, डोंगरावरच्या देवळाचा कळस, लांबच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा यांपैकी काहीही चालेल. अंतर किमान अर्धा किलोमीटर, शक्यतो एक किलोमीटर किंवा जास्त. खूण टोकदार हवी. "ती अख्खी इमारत" ही खूण होऊ शकत नाही. भर दुपारी तापलेल्या हवेत दृश्य लहरत राहतं, म्हणून सकाळ किंवा संध्याकाळच बरी.

गच्चीवरून एवढं लांबचं काही दिसतच नसेल, तर शे-दोनशे मीटरवर, मित्राच्या गच्चीवर वगैरे, पुठ्ठा उभा करा. नळ्यांच्या मध्यांतलं अंतर पट्टीने मोजा. पुठ्ठ्यावर तेवढ्याच अंतरावर आणि त्याच दिशेला दोन जाड ठिपके काढा. फाइंडर मुख्य नळीच्या वर-डावीकडे असेल तर त्याचा ठिपकाही तसाच वर-डावीकडे. एक ठिपका मुख्य दुर्बिणीसाठी, दुसरा फाइंडरसाठी. अशाने जवळच्या खुणेवरही रेषा समांतर राहतात.

खूण ठरली की मुख्य दुर्बिणीला सर्वांत लांब फोकल लांबीची आयपीस लावा (२५ मिमी किंवा त्याहून जास्त). नळीच्या पाठीवरून बंदुकीसारखा नेम धरून खूण आयपीसमध्ये शोधा, मध्यावर आणा, क्लॅम्प आवळा. इथून पुढे मुख्य दुर्बिणीला हात लावायचा नाही. जे काही सरकवायचं ते फाइंडर. नवशिक्यांची सवय उलटी असते. ते आधी फाइंडरमध्ये खूण पकडतात, मग आयपीसमध्ये नाही दिसली की नळी हलवतात, मग फाइंडरमधून ती निसटते आणि हे चक्र थांबत नाही.

स्क्रूंची भाषा

फाइंडरच्या ब्रॅकेटचे दोन प्रकार जास्त दिसतात.

पहिल्यात पुढे एक आणि मागे एक अशा दोन कड्या, प्रत्येक कडीत १२० अंशांवर तीन असे सहा स्क्रू. यात सहाही स्क्रू एकदम फिरवू नयेत. पुढच्या कडीतले तीन स्क्रू असे लावा की फाइंडर कडीच्या बरोबर मध्यात बसेल, आणि ते तसेच सोडून द्या. सगळी जुळवाजुळव मागच्या तिघांवर करा. नियम एकच: फाइंडर ज्या बाजूला सरकवायचा त्या बाजूचा स्क्रू आधी सैल करा, मग समोरचे आवळा. आधी आवळलं तर फाइंडर सरकत नाही, फक्त दाब वाढतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कडीतले आटे जातात. गेलेले आटे दुरुस्त करणं महाकठीण. शेवटी तिन्ही स्क्रू बोटांनी घट्ट झाले की पुरे, पक्कड नको.

दुसऱ्या प्रकारात मागे दोन स्क्रू आणि तिसऱ्या बाजूला स्प्रिंगची खुंटी असते, पुढे रबराची गोल रिंग. हा प्रकार जास्त सोयीचा. स्क्रू आत-बाहेर करायचा, खुंटी आपोआप मागे येते. यात रबराची रिंग महत्त्वाची, कारण फाइंडर तिच्याच आधारावर तोललेला असतो. उन्हाने ती कडक झाली किंवा हरवली, तर फाइंडर पुढच्या बाजूला खडखडतो. नवी रिंग मिळेपर्यंत सायकलच्या ट्यूबची अरुंद पट्टी गुंडाळली तरी चालतं.

सरळ फाइंडरमधलं दृश्य उलटं दिसतं, खालचं वर आणि डावीकडचं उजवीकडे. ९० अंशांत वळलेल्या, सुलट प्रतिमेच्या फाइंडरमध्ये ते सरळ दिसतं. न्यूटोनियनचं दृश्य वेगळ्याच कोनात वळलेलं, आणि साध्या डायगोनलमध्ये डावं-उजवं उलट. हा सगळा हिशेब डोक्यात करण्यात अर्थ नाही. स्क्रू पाव फेरा फिरवा, फुली कुठे गेली ते पाहा, तिकडेच जायचं असेल तर पुढे, नाहीतर उलट. पाच मिनिटांत बोटांना दिशा कळते.

फुली खुणेवर आली की आयपीसमध्ये परत पाहा. स्क्रू फिरवताना नळीला धक्का लागून खूण किंचित सरकलेली असते. ती मध्यावर आणा, फुली पुन्हा सुधारा. मग १० मिमीची आयपीस लावून हेच सगळं परत. चूक ४-५ कलांच्या आत आली की काम फत्ते. त्याहून बारकाईचा आग्रह धरून फायदा नाही, कारण आयपीस बदलताना तिचा स्क्रू एका बाजूने आवळला जातो आणि तेवढ्यानेही मध्य जरासा सरकतो.

स्क्रू संपला तरी फुली खुणेपर्यंत पोहोचत नसेल, तर ब्रॅकेटचा पायाच तिरका बसलाय. पायाचे दोन नट सैल करा, ज्या टोकाला उचलायला हवं त्या टोकाखाली पत्त्यांतलं एखादं पान कापून घाला आणि नट परत आवळा.

रात्री एकदा ताऱ्यावर

दिवसाचं काम रात्री ताऱ्यावर पडताळून घ्यायचंच. अडचण अशी की तारे थांबत नाहीत. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा ४ मिनिटांत १ अंश सरकतो. १० मिमीच्या आयपीसमध्ये मध्यावर ठेवलेला तारा ५० सेकंदांत कडेबाहेर जातो, आणि तेवढ्या वेळात अंधारात तीन स्क्रू चाचपायचे असतात.

ट्रॅकिंग मोटर नसेल तर ध्रुव तारा वापरा. तो ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंशावर असल्यामुळे दहा मिनिटांत २ कलाही सरकत नाही. तेवढ्याच वेळात विषुववृत्तावरचा तारा अडीच अंश गेलेला असतो. फक्त आपल्याकडे ध्रुव खाली असतो. त्याची उंची आपल्या अक्षांशाएवढी: मुंबईत साधारण १९ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपूरला २१, पणजीत साडेपंधरा. उत्तरेला इमारत किंवा झाड असलं की गेला. मग ३० ते ६० अंश उंचीवरचा कोणताही ठळक तारा घ्या: व्याध, ब्रह्महृदय, स्वाती, अभिजित. नेमका डोक्यावरचा नको. सरळ फाइंडरला डोळा लावायला मान मोडते आणि डॉब्सोनियन तिथे नीट फिरतही नाही.

अंधाऱ्या जागी आणखी एक फसगत होते. वांगणीसारख्या ठिकाणी ५० मिमीच्या फाइंडरमध्ये इतके तारे दिसतात की फुलीवर भलताच तारा येतो. सरळ फाइंडर असेल तर दुसरा डोळा उघडा ठेवा. नुसत्या डोळ्याला दिसणारा तारा आणि फाइंडरमधला तारा एकमेकांवर आले की तो तोच, याबद्दल शंका राहत नाही.

रेड डॉट आणि वर्तुळांचे फाइंडर

रेड डॉटमध्ये वर्धन नसतं. काचेवर लाल ठिपका दिसतो आणि तो आकाशात जिथे पडतो तिथे दुर्बीण बघते. जुळवण्याची पद्धत तीच. दोनच स्क्रू असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे. डोळा वीतभर मागे ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि ठिपका काचेच्या मध्यात येईल असं पाहा, कारण स्वस्त रेड डॉटमध्ये ठिपका काचेच्या कडेला गेला की दिशाही बदलते. प्रकाश शक्य तितका मंद ठेवा. झगमगता ठिपका तारा झाकून टाकतो. नवा रेड डॉट लागतच नसेल, तर सेलखाली राहिलेली प्लॅस्टिकची पट्टी आधी ओढून काढा. आणि निघताना बंद करायला विसरू नका, सीआर २०३२ चा सेल एका विसरभोळ्या आठवड्यात संपतो.

टेलरॅड या वर्तुळांच्या फाइंडरमध्ये ठिपक्याऐवजी अर्धा, दोन आणि चार अंशांची तीन वर्तुळं दिसतात. तारानकाशावर अंतर मोजून थेट आकाशात ठेवता येत असल्यामुळे नकाशा हातात घेऊन शोधणाऱ्यांना याच्यासारखं दुसरं साधन नाही. मात्र शहरात मुळात दोन-चारच तारे दिसतात. तिथे वर्धन नसलेला फाइंडर अपुरा पडतो, ५० मिमीचा भिंगाचाच हवा.

जुळवलेला फाइंडर का सुटतो

पहिला संशय नळीला धरण्याच्या सवयीवर घ्या. फाइंडर हाताला सोयीचा असतो, म्हणून तो मुठीत धरून दुर्बीण वळवली जाते. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तर रांगेतला प्रत्येक जण त्याला टेकतो. दुर्बीण हलवायला नळीचं तोंड किंवा वेगळी मूठच वापरावी.

ते कारण नसेल तर फाइंडर बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. तारा फुलीवर परत आला तर ठीक. परत आला नाही तर पाया, भिंगाची कडी किंवा रबराची रिंग, यांतलं काहीतरी सैल आहे. पूर्वेकडे जुळलेला फाइंडर पश्चिमेकडे चुकत असेल, तर दोष फाइंडरचा नसून मुख्य आरशाचा असू शकतो. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये (पुढे भिंग आणि मागे आरसा असलेल्या आखूड दुर्बिणीत) नळी दुसऱ्या बाजूला झुकली की आरसा किंचित कलतो. त्यावर इलाज म्हणजे ज्या भागात निरीक्षण करायचं, त्याच भागातल्या ताऱ्यावर पुन्हा पडताळणी. पावसाळ्यानंतर भिंगावर बुरशीचे धागे दिसले तर प्रतिमा पांढुरकी होते, पण जुळणी बिघडत नाही.

नेमकं किती चुकतंय हे मोजायचं असेल तर

मार्च ते जूनमधल्या रात्री आकाशात फुकट मिळणारी मोजपट्टी म्हणजे सप्तर्षींतली वसिष्ठ-अरुंधतीची जोडी. दोघांत १२ कलांचं अंतर आहे, त्यामुळे १० मिमीच्या आयपीसमध्ये दोन्ही एकदम दिसतात. फुली वसिष्ठावर ठेवा. आयपीसच्या मध्यावर वसिष्ठच आला तर झालंच. अरुंधती मध्यावर आली तर चूक १२ कलांची, दोघांच्या मधली रिकामी जागा आली तर सहाची. वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे. दुर्बिणीत तो १४ विकला (६० विकला म्हणजे १ कला) अंतरावरच्या दोन ताऱ्यांत फुटलेला दिसतो, त्यामुळे कोणता कोण यात गफलत होत नाही.

पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरअखेर संध्याकाळी साडेसातला अभिजित वायव्येला निम्म्या उंचीवर असतो. त्याच्या स्वरमंडळ तारकासमूहात शेलियाक आणि सुलाफात हे दोन तारे एकमेकांपासून सुमारे २ अंशांवर आहेत. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर, शेलियाकपासून साधारण ४० टक्के अंतरावर एम ५७ हा वलय तेजोमेघ आहे. ८.८ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं अंधुक), जेमतेम सव्वा कलेचा. ३० मिमीच्या फाइंडरमध्ये तो ओळखू येत नाही, म्हणजे दोन ताऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर भरवशाने फुली ठेवावी लागते. २५ मिमीच्या आयपीसमध्ये तिथे किंचित फुगलेला, अंधुक तारा दिसेल. तो मध्यावर घ्या आणि १० मिमीची लावा.